मी राजकन्या नव्हते

मी पाचवीत असताना आमच्या शाळेतल्या काही मुलींना टीव्हीवरच्या संगीत बालनाट्यात घेतलं. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट होती. मला झाडाचं काम मिळालं. तोंडावर पुठ्ठ्याची पानं लावून मागून कोरसमध्ये गायचं. घरी आणि शेजारी मात्र मी सांगून टाकलं, की राजकन्या मीच आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आमच्या ओळीत टीव्ही फक्त शेजारच्या सिंधी आंटींकडे होता. नाटकाचं चित्रीकरण आधीच झालं होतं; ते टीव्हीवर लागलं त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या बायकामुलांना बोलावलं, पापड तळले आणि मला पुढे खुर्चीवर बसवलं. पडद्यावर मुंग्या दिसत होत्या, चेहरे धड दिसत नव्हते. राजकन्या गायला लागली तशा आंटी ओरडल्या, "देखो, अपनी बेटी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी लाजतेय.

आईने मात्र ओळखलं, की हा आवाज माझा नाही. घरी आल्यावर तिने विचारलं, "तू कुठे होतीस?"

"तिसरं झाड," मी म्हणाले.

"मग आत्ता जाऊन आंटींना खरं सांग."

मी गेले. मी तोंड उघडायच्या आतच आंटींनी सासरी गेलेल्या आपल्या लेकीचे लहानपणचे चांदीचे पैंजण माझ्या हातावर ठेवले. "राजकुमारी के लिए," त्या म्हणाल्या.

मी ते घेतले. आईला म्हटलं, "सांगितलं."

पैंजण मी ट्रंकेच्या तळाशी लपवले. आंटी कधी कधी विचारायच्या, "पहनती क्यों नहीं, बेटा?" मी म्हणायचे, घट्ट होतात.