खडूचा बाण दक्षिणेकडे होता

निर्मला मॅडमशी माझी पहिली ओळख भांडणात झाली. नाशिकच्या कॉलेजात त्या आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. प्रयोगशाळेत मी एकाची कॉलर धरली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "हात मोकळा झाला की वायर जोडा."

पुढे मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं. मॅडमनीही मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि शेतकऱ्यांना सौरपंपासाठी कर्ज मिळावं म्हणून एका पतसंस्थेच्या पायऱ्या झिजवल्या. पॅनेल बसवायला त्यांनी मला बोलावलं. एवढा विश्वास माझ्यावर घरच्यांनीही टाकला नव्हता. तो मी कसा सांभाळला, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सायखेड्याला आबांच्या मळ्यात पहिला पंप बसणार होता. तो नीट चालला, तरच गावातल्या बाकीच्यांना कर्ज, असं संचालकांनी बजावलं होतं. मॅडमनी ओट्यावर खडूनं दक्षिणेचा बाण काढून दिला आणि त्या पतसंस्थेत गेल्या. आबा अडले. "दक्षिणेला त्वांड? ती यमाची दिशा हाय पोरा. उगवतीला कर."

दक्षिणेला तोंड असलं तरच दिवसभर ऊन मिळतं, हे समजावायला तासभर लागला असता. मला मनमाडची गाडी गाठायची होती. तिथे एक मुलगी भेटणार होती. मी पॅनेल पूर्वेला फिरवली, बोल्ट आवळले आणि पळालो. ती आलीच नाही.

दोन दिवसांनी दुपारी संचालक पाहणीला आले. ऊन कलल्यावर पाण्याची धार करंगळीएवढी झाली.

"मॅडम, तुमचा पंप जेवून झोपतो काय?" एकानं विचारलं.

मॅडमनी ओट्यावरचा बाण पाहिला, मग मला. "मांडणी माझ्या देखरेखीखाली झाली. चूक माझी," त्या म्हणाल्या. मी संचालकांच्या मोटारीआड मान खाली घालून उभा राहिलो. गावाची कर्जं त्या हंगामात अडकली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुणी डिवचलं, तर मी भडकून म्हणालो, "मॅडमनीच दिशा चुकीची दिली." हे वाक्य मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्या हातात पाना दिला आणि आबांना म्हणाल्या, "यम तिकडून येणार असेल, तर तिकडंच बघत बसू ना. पाठ केली तर आला कधी ते कळायचं कसं?"

आबा हसले. "मॅडम, तुम्ही लय वकील हायत."

मी पॅनेल दक्षिणेला फिरवली. पुढच्या हंगामात बाकीच्यांचे पंप बसले. मॅडम मला त्या दिवसाबद्दल कधी एका शब्दानंही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी भांडून मोकळा झालो असतो.

म्हणून आज, त्यांच्या साठीनिमित्तच्या या अंकात, सायखेडेकरांसमोर लिहून देतो: चूक मॅडमची नव्हती, माझी होती. टपरीवर मी खोटं बोललो.

आता गावातली सगळी पॅनेल दिवसभर दक्षिणेवर नजर ठेवून असतात. तिकडून मॅडमना न्यायला कुणी निघालंच, तर ते आम्हाला लांबूनच दिसो, आणि आबांनी त्याला बांधावरच बोलण्यात गुंतवून ठेवावं, मॅडमची शंभरी होईपर्यंत.