जुन्या कापडाचा आवाज

मुलं बाईंना पाठीमागे ‘व्याख्याबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एकोणीस वर्षं त्या सातवीला भाषा शिकवत होत्या. उपमा म्हणजे काय, अनुप्रास कशाला म्हणायचं, हे त्यांच्या वर्गातलं मूल झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगे. वहीत एक काना सुटला तरी लाल शाई तिथे पोचायची. कामात कुचराई नाही.

मग सहावीला नवे सर आले. त्यांच्या वर्गातून टाळ्या ऐकू यायच्या, बाकं बडवल्याचे आवाज, हसणं. मुलं त्यांना ‘धडामधूम सर’ म्हणत, आणि तेही तोंडावर. बाईंना तेच जास्त लागलं. एकोणीस वर्षांत त्यांना तोंडावर कुणी काही म्हणालं नव्हतं.

“आज पत्र्याचा डबा बडवत होता वर्गात,” घरी शेंगा निवडता निवडता बाई म्हणाल्या.

नवरा कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता, नुकताच घरी आला होता. हात पुसत म्हणाला, “त्या माणसाला दिवसातून जितक्यांदा आठवतेस, तितक्यांदा मला अख्ख्या संसारात आठवलं नाहीस.”

“नुसतं सोंग आहे. कष्ट नकोत. मुलं हसली की झालं.”

“शिकतात का?”

“हसतात.”

“मी शिकतात का विचारलं.”

बाईंनी एक शेंग नको तितक्या जोरात मोडली.

वर्ष संपत आलं तेव्हा मुख्याध्यापिकांनी दोघांना बोलावलं. सहावीच्या पालकांचं म्हणणं होतं, मुलं सातवीत गेली तरी सरच हवेत. सातवीचा वर्ग एकच. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मला कुणाची शिफारस नको. दोघांनाही नवखी अशी पाचवी घ्या. विषय एकच, आवाजाचे शब्द आणि उपमा. मी मागच्या बाकावर बसेन. एकानं शिकवताना दुसऱ्यानंही माझ्याशेजारी बसायचं.”

बाईंचा तास आधी झाला. फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. पानं सळसळतात, पाणी खळखळतं, चेहरा चंद्रासारखा. एकही उत्तर चुकलं नाही. खिडकीजवळच्या मुलीनं दोनदा जांभई दिली, ती बाईंनी मोजली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. सर हात धुवायला गेले होते. टेबलावर त्यांची वही होती, कोपरे दुमडलेली. बाईंनी उघडली. वाटलं होतं, आत दोन विनोद आणि एक गाणं असेल.

आत खाडाखोड होती. पानंच्या पानं. ‘सायकलचं दुकान. चाक मोकळं फिरताना किर्रर्र नाही. टिकटिक नाही.’ खाली आणखी सात शब्द, सातही खोडलेले. ‘पुन्हा जायचं.’ पुढच्या पानावर शिंप्याचं दुकान. ‘नवं कापड टर्रकन फाटतं. जुनं, धुऊन मऊ झालेलं, फसकन. थकलेल्या माणसानं वाद मध्येच सोडून द्यावा, तसं.’

बाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. माणूस उथळ आहे असं समजून जळणं सोपं होतं. एकोणीस वर्षांत त्या स्वतः एका शब्दासाठी कुठल्या दुकानात गेल्या नव्हत्या. बाहेर पावलं वाजली तशी त्यांनी वही स्वतःच्या कपाटात टाकली आणि किल्ली फिरवली.

सरांनी टेबल शोधलं, पिशवी शोधली. “बाई, माझी वही दिसली?”

“नाही बाई,” असं त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

घंटा झाली. सर वहीशिवाय वर्गात गेले. सुरुवात बरी झाली. नव्या कापडाची पट्टी फाडली, मुलं ओरडली, “टर्रकन!” मग जुन्या चादरीचा तुकडा फाडला.

“टर्रकन!”

“छे. कान द्या नीट.” पुन्हा फाडला.

“फुस्स!” कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

सरांच्या कपाळावर घाम आला. शब्द जिभेवर येईना. त्यांनी खिसा चाचपला, तो रिकामाच होता. मुख्याध्यापिकांनी आपल्या वहीत काहीतरी टिपलं. पाचवीची चाळीस मुलं तोंडाकडे बघत होती, आणि फळ्यावर ‘जुनं कापड’ या दोन शब्दांपुढे जागा कोरी होती.

बाईंना ती कोरी जागा बघवेना. मुलांसमोर उत्तर अर्धवट ठेवायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मागच्या बाकावरून त्यांचा खणखणीत आवाज आला, “फसकन. थकलेल्या माणसानं वाद मध्येच सोडून द्यावा, तसं.”

मग खिडकीजवळची ती मुलगी म्हणाली, “माझे आजोबा सोडतात तसं!” आणि सगळा वर्ग उसळला. “माझी आत्या पण!” “आमचे बाबा कधीच सोडत नाहीत!”

सर बाईंकडे बघत राहिले. मग फळ्याकडे वळून एवढंच म्हणाले, “लिहून घ्या.”

तास सुटला. मुख्याध्यापिका बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “बाई, ऐनवेळी काय सुचलं हो तुम्हाला! सर अडले तिथे तुम्ही तारलंत. माझं ठरलं. सातवी तुमच्याकडेच.”

सर समोरच उभे होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बाईंनी भांडून घेतलं असतं.

“ते वाक्य यांचं आहे,” बाई म्हणाल्या. “यांची वही माझ्या कपाटात आहे. मीच ठेवली.”

“ठेवली म्हणजे?”

“लपवली. आता शब्द फोडून सांगायला लावू नका. दुसऱ्याच्या घामाची मजुरी मी घेत नाही.” आणि सरांकडे वळून, तितक्याच रागानं, “तुम्हीपण! एवढं खपून शोधलेलं पाठ नसतं होय करायचं?”

“पाठ होतं, बाई,” सर हळूच म्हणाले. “तुम्ही मागे बसलात म्हणून विसरलो.”

सातवी सरांना गेली. मुख्याध्यापिकांनी बाईंना खोलीत बसवून जे सुनावलं, ते त्यांनी मान खाली न घालता ऐकून घेतलं. वाट्याला सहावी आली. सरांबद्दल मन निवळलं म्हणावं, तर तसंही नाही. त्यांच्या वर्गातल्या टाळ्या अजून बाईंच्या कानात खुपतात.

सुट्टी लागल्यावर पहिल्याच सकाळी बाई नवी वही घेऊन लाकडाच्या वखारीत गेल्या. करवतवाल्यानं काम थांबवलं.

“आवाज ऐकायचाय? मागे एक सरही आले होते. दोन तास उभे होते.”

बाईंनी पदर खोचला. “स्टूल असेल तर द्या. मी संध्याकाळपर्यंत आहे.”