म्हाताऱ्याच्या कापलेल्या फेकी

पत्रकात खोटं लिहायचं नाही, हे मी पुण्यात कॉलेजात शिकले असं सगळ्यांना सांगते. तिथे होस्टेलच्या पाण्यावर, मेसच्या भाववाढीवर आणि लायब्ररीच्या वेळेवर मी इतकी पत्रकं लिहिली की रेक्टरबाई माझं अक्षर लांबून ओळखायच्या. पण हा नियम मला त्याआधीच पप्पांनी शिकवला होता. मी सात वर्षांची असताना, इथे आखातात, अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉटेलातून आणलेल्या कागदी टेबलमॅटच्या कोऱ्या बाजूवर.

पप्पा वसईहून इथे आले आणि अल बर्शातल्या एका हॉटेलच्या स्पोर्ट्स बारमध्ये वेटर म्हणून लागले. पुढे सुपरवायझर झाले. बारमध्ये अमेरिकन इंजिनिअर यायचे आणि त्यांचा फुटबॉल बघायचे, तो लांबट चेंडू हातात धरून पळायचा. ग्लास भरता भरता पप्पांना त्या खेळाचं वेड लागलं. सोमवारी त्यांची सुट्टी. मी शाळेतून आले की रविवारचं उरलेलं मटण गरम करायचं आणि टीव्हीवर आदल्या दिवसाच्या सामन्याचं पुनःप्रक्षेपण लावायचं. मम्मी ऑफिसातून यायच्या आत आमचा सामना संपलेला असायचा.

क्वार्टरबॅक म्हणजे कोण, हे त्यांनी मला त्यांच्या पद्धतीनं समजावलं. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो कुणाकडे फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं, आणि तेवढ्यात समोरून पाच दांडगे त्याला आडवा करायला सुटलेले असतात. "हॉल भरलाय, किचन तुंबलंय, सोळा नंबर टेबल ओरडतंय," पप्पा म्हणायचे. "आणि ऑर्डर चुकली की शिव्या एकालाच. कळलं का गो बाय?"

मला कळलं.

टेबलमॅटवर आम्ही तीन रकाने आखायचो. म्हातारा, मधला, आजचा. तीन काळांतले तीन क्वार्टरबॅक. नावं होती त्यांना, पण आमच्या घरात कुणी ती घेत नसे. यांच्यात मोठा कोण, हा आमचा वाद माझ्या सातव्या वर्षी सुरू झाला आणि मी पुण्याला जाईपर्यंत चालला. नियम दोनच. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि आकडा लिहिला तर त्याच्या शेजारी काळ लिहायचा. आजच्याचे दहातले सात चेंडू बरोबर जातात, म्हाताऱ्याचे पाच. पण आजच्याला चेंडू सोडल्यावर कुणी हात लावला की शिट्टी वाजते, दंड होतो. म्हाताऱ्याला सोडल्यावरही चिखलात आपटायचे आणि पंच बघत उभे राहायचे. आजच्याच्या हेल्मेटमध्ये कोच बोलतो. म्हातारा डाव स्वतः ठरवायचा. उलट, आजच्याच्या समोरचे गडी दुप्पट वेगाचे, हेही लिहायचं. मला ते आवडायचं नाही, पण पप्पा लिहायला लावायचे.

म्हातारा माझा होता. त्याचे सामने टीव्हीवर लागत नसत. देश सोडून जाताना एका इंजिनिअरनं पप्पांना सहा जुन्या कॅसेट दिल्या होत्या. हॉटेलच्या एव्ही रूममधल्या, व्हिडिओचं काम बघणाऱ्या माणसाला सांगून पप्पांनी त्यांच्या सहा सीडी करून आणल्या. प्रत्येकीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'म्हातारा १', 'म्हातारा २'. तीन तासांचा सामना सव्वा तासात संपायचा. "जाहिराती काढल्यात," पप्पा म्हणायचे. मध्येच चित्र हलायचं आणि गुणफलक एकदम पुढे गेलेला दिसायचा. "कॅसेट जुनी आहे ना."

सहाही सामन्यांत माझ्या म्हाताऱ्यानं एकदाही चेंडू समोरच्यांच्या हातात दिला नाही. त्याच्या नावावर असल्या फेकी ढिगानं आहेत हे मी मोठेपणी वाचलं. त्या दुसऱ्या सामन्यांतल्या असतील असं मी धरलं. हे सहा मी डोळ्यांनी पाहिले होते. पूर्ण सामने इंटरनेटवर मिळतात का, हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. दारात विहीर असताना नळावर कोण जातं?

पुण्याहून परत आले, ऑफिसात लागले आणि इथल्या मुलींबरोबर फ्लॅग फुटबॉल खेळायला लागले. यात आडवं पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची असते. आम्ही नऊ जणी. मी क्वार्टरबॅक. आमच्याकडे मैदान नव्हतं. टर्फ भाड्यानं घेणं परवडत नव्हतं, आणि ऊद मेथाला आमच्या मराठी मंडळाच्या मैदानाचे सगळे तास क्रिकेटला दिलेले. मी मंडळाच्या क्रीडा सचिव काकांकडे शनिवार सकाळचा एक तास मागितला.

"खेळणाऱ्या नऊ," काका म्हणाले. "बघणारं कोण आहे? लोकांना हा गेम माहीत तरी आहे का?"

"माहीत करून देते."

मंडळाच्या युवा मेळाव्यात दर वर्षी 'मोठा कोण' नावाचा वाद होतो. दर वर्षी दोन क्रिकेटर. मी म्हटलं, यंदा क्वार्टरबॅक ठेवा. काकांनी जरा विचार केला. हॉल भरला, लोकांना पटलं, तर शनिवारचा तास तुमचा, म्हणाले. "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको काका. हो म्हणा."

"बरं बाई, हो."

इथे रस्त्यावर उभं राहून पत्रकं वाटता येत नाहीत. माझी पत्रकं नोटीसबोर्डवर आणि चहाच्या टेबलावर जातात. या वादासाठी मी एकपानी पत्रक काढलं. एका बाजूला मराठी, मागे इंग्रजी, कारण इथे वाढलेली पोरं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. वर मोठ्या अक्षरात: 'सहा सामने. एकही चेंडू समोरच्यांच्या हातात नाही. आज असा एक दाखवा.' खाली तिन्ही काळांचे रकाने, टेबलमॅटसारखेच.

छापण्याआधी पप्पांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावला, जेवणाच्या टेबलाशी बसून दोन्ही बाजू सावकाश वाचल्या. मग म्हणाले, "हेडिंग अजून मोठं कर, बाय. मागच्या रांगेला दिसायला हवं."

मी मोठं केलं.

हॉल भरला होता. माझ्याविरुद्ध, आजच्याच्या बाजूनं, अल बर्शात वाढलेला माझ्याच वयाचा एक इंजिनिअर होता. मी आधी बोलले, चांगलं बोलले. टाळ्या पडल्या. तो उठला आणि इंग्रजीत एवढंच विचारलं, कुठले सहा सामने? मी तोंडपाठ सांगितले. त्यानं फोन प्रोजेक्टरला जोडला, दुसऱ्या सामन्याचं नाव टाकलं आणि पूर्ण सामना पडद्यावर आला. तोच चिखल. म्हाताऱ्याची तीच फाटलेली बाही. त्यानं पुढे ढकलत ढकलत एका जागी थांबवलं. म्हाताऱ्यानं फेकलं, आणि समोरच्या संघातल्या एकानं चेंडू छातीशी धरला.

"वन," मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं.

टू. थ्री. तिसऱ्याला अख्खा हॉल मोजत होता. "खलास," कुणी म्हणालं आणि हशा झाला. तो मुलगा हसला नाही. माइक बाजूला धरून तो मला म्हणाला, "सॉरी यार, आय थॉट यू न्यू."

मी पप्पांकडे बघितलं. तिसऱ्या रांगेत, मांडीवर पॅटीसची कागदी प्लेट. दोनशे माणसं पडद्याकडे बघत होती. ते एकटे प्लेटकडे बघत होते. तिथेच मला कळलं. ज्याला हे नवीन असतं, त्यानं मान वर केली असती.

परत येताना गाडीत मम्मी मागे बसली होती, उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन.

"जाहिराती काढल्यात म्हणाला होतात," मी म्हटलं.

सिग्नल सुटला, पप्पांनी गाडी काढली. "तू सहा वर्षांची होतीस. तुला आठवत नसेल, पहिली कॅसेट आधी घरी तशीच लावायचो. त्यानं चेंडू घालवला की तू जेवायची नाहीस. टीव्हीच्या मागे जाऊन बसायचीस. एव्हीवाला म्हणाला, तेवढं काढून टाकू का? मी म्हटलं, काढ."

"आणि मागच्या आठवड्यात मी किती वर्षांची होते?"

"बस झालं गो," मम्मी म्हणाली. "गाडी चालवतायत ते."

"हेडिंग मोठं करायला सांगितलंत तुम्ही, पप्पा."

"मला वाटलं, इतका जुना सामना कोण शोधायला जातंय." थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "आणि एवढी वर्षं बघून बघून मलापण तो तसाच वाटायला लागला होता."

सहा वर्षांच्या मुलीसाठी कापलं, ते मी समजू शकते. कुणाचाही बाप करेल. पण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिही, असं त्याच मुलीला शिकवायचं आणि तिच्या डोळ्यांसमोर कापलेलं ठेवायचं, याला मी दुसरा शब्द शोधणार नाही. हा विश्वासघात आहे. आणि तो एकट्या माझा नाही, म्हाताऱ्याचासुद्धा आहे. त्या काळात चेंडू लांब फेकावा लागे, पकडणाऱ्याला वाटेत ओढलं-पाडलं तरी चालत असे. तेव्हा प्रत्येक मोठ्या क्वार्टरबॅकच्या फेकी समोरच्यांच्या हातात गेल्या आहेत. त्या फेकींसकट मी त्याची बाजू मांडली असती आणि जिंकलेही असते. माझ्याकडे खरा माणूस असता तर.

दोन दिवसांनी काकांचा मेसेज आला. शनिवारचा तास ज्युनिअर क्रिकेटला. पुढच्या सीझनला बघू, इन्शाल्ला. आम्ही नऊ जणी आता आमच्या बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवर खेळतो. पार्क केलेल्या गाड्यांमुळे लांब फेक टाकता येत नाही. एका मुलीनं मला सरळ विचारलं, तुला खरंच माहीत नव्हतं? मी नाही म्हटलं. तिला पटलं की नाही, मला सांगता येणार नाही.

पुढच्या सोमवारी मी अर्धी रजा टाकून घरी आले. पप्पा टीव्ही न लावता बसले होते. मी एक टेबलमॅट उलटा करून त्यांच्यासमोर ठेवला, वर पेन ठेवलं.

"काय कापलंत ते लिहा. सगळं."

"एवढं कुठे आठवणार?"

"तीन काळांचे आकडे आठवतात तुम्हाला."

त्यांनी पेन उचललं. आणि त्यांना सगळं आठवत होतं. एव्हीवाल्याच्या शेजारी बसून प्रत्येक जागा त्यांनीच दाखवली होती. पहिला सामना, दुसरा भाग, वारा समोरून. दुसरा सामना, खांदा दुखावलेला, तरी फेकला. तोच सामना, घाई केली. पानाची एक बाजू भरली. मी नवीन टेबलमॅट दिला. सतरा झाल्या.

चौथ्या सामन्यातल्या एका फेकीवर ते अडखळले. "ही गेली. ज्यानं पकडली तो पळत सुटला, समोर कुणी नाही. म्हातारा जमिनीवर पडलेला. तो उठला आणि अर्धं मैदान त्याच्यामागे धावला. लंगडत. शेवटच्या रेषेच्या दोन हात आधी पाडलं त्याला."

"मी हे कधी पाहिलं नाही."

"नाही."

"हेपण कापलंत?"

"चेंडू घालवल्याशिवाय ते दाखवणार कसं, बाय?"

अठरा वर्षं मी त्या माणसाच्या बाजूनं भांडत होते, आणि त्यानं केलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकावी लागत होती, तीही ते पकडले गेल्यावर.

लॅपटॉप उघडून मी नवीन पत्रक करायला घेतलं. टेबलमॅटचे फोटो काढून जसेच्या तसे टाकले, त्यांच्या अक्षरात. वर लिहिलं: 'पहिल्या पत्रकात खोटं होतं. कापलेलं हे.' पप्पा मागे येऊन उभे राहिले.

"नाव टाकणार माझं?"

"नाव नाही टाकत."

"अक्षर आहे. वसईचे सगळे ओळखतील."

"ओळखतील."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला आणि स्क्रीनकडे वाकून बघितलं. "हेडिंग जरा लहान कर," म्हणाले.

"नाही," मी म्हटलं, आणि छापायला दिलं.