पाटावरचं पिस्तूल

मोरेश्वर चांदेकर मूळचा नागपूरचा. शिक्षणाने इंजिनिअर, पोटापाण्याला अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगचा वाणी. २००१ साली टेलिकॉम कंपन्यांनी हजारोंना नारळ दिला, त्यात याचाही नंबर लागला. गडी रडत बसला नाही. बायकोला, शोभनाला, हाताशी घेऊन त्याने किराणा दुकान टाकलं. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. भेंडी मोडून बघणाऱ्याला तर तो सरळ दार दाखवायचा.

अशा माणसाच्या दुकानात २००४च्या ऑगस्टमध्ये, भरदुपारी, एकजण पिस्तूल घेऊन शिरला. गल्ला गेला त्याचं मोरेश्वरला काही नव्हतं. पण चोर म्हणाला, "हात वर," आणि मोरेश्वर म्हणाला, "येस सर." ड्रॉवर अडकला तेव्हा "सॉरी सर"सुद्धा म्हणाला! शोभना तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. हे 'सर' प्रकरण त्याने पोलिसांना सांगितलं नाही, तिलाही नाही. पण त्या दिवसापासून स्वारी मऊ झाली. लोक खुशाल भेंड्या मोडायचे आणि हा खाली मान घालून वजन करायचा.

सप्टेंबरात त्याने पिस्तूल घेतलं आणि ते कपड्याआड बाळगायच्या परवान्यामागे लागला. दहा तासांचा क्लास केला, बोटांचे ठसे दिले, फोटो काढले. नेमबाजीच्या परीक्षेत पन्नासपैकी एकही गोळी वाया घालवली नाही. शिकवणाऱ्याने मात्र बजावलं, "झाडायची तयारी नसेल तर बाहेर काढूच नका." मोरेश्वरने मान डोलावली. अर्ज भरून पाकिटात घातला आणि ठरवलं, दसऱ्याच्या मुहूर्तावर पोस्टात टाकायचा.

दसऱ्याला दुकान उघडण्याआधी शोभनाने पाट मांडला. वजनकाटा, लेबलं मारायचं मशीन, खोकी फोडायची सुरी. मोरेश्वरने रिकामं केलेलं पिस्तूल शेजारी ठेवलं. तिने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि पिस्तुलापाशी तिचा हात थांबला.

"अहो, ज्याच्यावर आपलं चालतं त्याची पूजा. तो माणूस परत आला तर हे चालवाल?"

"शस्त्रच आहे ना ते? लाव कुंकू."

"विचारतेय त्याचं उत्तर द्या."

मोरेश्वर गिऱ्हाइकाला थापा मारेल, पण देवापुढे खोटं बोलणाऱ्यातला तो नव्हता. "नाही," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही व्हायचं." आणि मग त्याला राहवेना. "अगं, मी त्याला सर म्हणालो. दोनदा! पंचावन्न वर्षांचा घोडा मी, लटलट कापत होतो. हे कमरेला असलं तर निदान... माझी मलाच लाज वाटते, शोभना."

शोभनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलली फणकाऱ्यानेच. "दोनदाच? शंभरदा म्हणायचं होतं! पाया पडायचं होतं त्याच्या! म्हणालात म्हणून आज इथे बसलाय. लाज कसली आलीय मेली!" कुंकवाचं बोट तिने त्याच्या कपाळाला टेकवलं, चांगलं दाबून.

मोरेश्वरने पिस्तूल पाटावरून उचलून डब्यात ठेवलं. पाकीट पोस्टात गेलंच नाही.

दहाच्या सुमाराला राजीव आला. हा त्यांच्या गिऱ्हाइकांतला, नुकताच पुण्याहून आलेला कॉम्प्युटरवाला. "काका, लायसन्सचं काय झालं? अप्लाय केलंत?"

"नाही रे. मी भित्रा माणूस आहे," मोरेश्वर म्हणाला, आणि स्टूल पुढे ओढून त्याने त्या दुपारची सगळी हकीकत, 'येस सर'सकट, राजीवला सांगून टाकली.