कुडाच्या पलीकडचा हात

भूत, करणी, भानामती असलं मी कधी मानलं नाही. माझ्या बाबांना त्याची चीड होती, तोच गुण माझ्यात आला. जाऊबाईंच्या माहेरून जुनी मासिकं येतात, त्यांत लोकांचे असे अनुभव छापलेले असतात. ते वाचून मला हसू यायचं. आता माझाच लिहायला बसले आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा जसं जमेल तसं... आणि हा कुठे धाडायचा नाही.

आमचं गाव नेरपासून तीन कोसांवर. आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. हे आणि माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, यांच्यात वाटणी झाली. घर एकच, त्यात लांबलचक माजघर. मधोमध कूड घालायचा ठरला. पूर्वेचा भाग त्यांचा, पश्चिमेचा आमचा.

सासूबाई पूर्वेला राहतील, हेही ठरलं. आदल्या वर्षी त्यांना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं मीच करत होते. मला मूलबाळ नव्हतं. घरात आपलं म्हणावं असं त्यांच्याशिवाय मला कोणी नव्हतं. पण भासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. यांच्याजवळ विषय काढला तर हे म्हणाले, "मायले थोरल्यानंच पाहावं लागते. लोक काय म्हणतीन?" विषय तिथेच संपला.

कुडाचा ठेका गणपतला दिला. तो आणि त्याची बायको काशी मिळून काम करत. तुरीच्या काड्या दाट उभ्या करायच्या, दोन्ही अंगांनी बांबूच्या आडव्या पट्ट्या लावायच्या आणि अंबाडीच्या दोरीनं आवळायचं. याला दोन माणसं लागतातच. अलीकडचा दाभणात दोरी ओवून काड्यांतून पलीकडे सारतो, पलीकडचा ती पट्टीवरून घेऊन दाभण परत सारतो. मग अलीकडे गाठ. अशा ओळी वरून खाली बांधत यायच्या आणि शेवटी चिखलानं लिंपायचं.

गणपत आमच्या बाजूला, काशी पलीकडे सासूबाईंच्या खाटेजवळ. मी दोरी सोडवून देत होते. काड्या उभ्या राहिल्या आणि खाट दिसेनाशी झाली, तेव्हा माझे हात चालेनात.

"काशे, वढ ना. झोपली काय?"

"तुमचं दाभण तं येऊ द्या."

"आयकलं काय बाई? वीस वर्सं झाले लग्नाले, एक शब्द खाली पडू देत नाही. तुमचं बरं हाये. तुमाले पाहून वाटते, बोलाची बंदी हाये या घरात."

मी पुढची दोरी सोडवायला घेतली.

दुपार झाली. हे वावरात, भासरे आणि जाऊबाई बाजाराला. पहिली ओळ झाली, दुसरी, तिसरी. दाभण जात होतं, येत होतं. काशी आता उत्तर देत नव्हती. मला वाटलं, रागावली. गणपत म्हणाला, "आज हिचा हात चांगला चालून राह्यला. मले गाठ माराची फुरसत नाही."

चौथी ओळ खाली, खाटेच्या उंचीला. दाभण गेलं आणि परत आलं नाही. गणपतनं दोरी ओढून पाहिली. पलीकडून धरलेली होती. "काशे, सोड. मस्करी नोको करू."

तेवढ्यात आमच्याच दारातून काशी आत आली. गुडघ्यापर्यंत चिखल.

"कोनाले बोलून राह्यले?"

गणपत वळला. "तू... पलीकडं नोयती?"

"मी तं कवाची चिखल तुडवून राह्यली. तुमीच म्हनलं ना, सुकू देऊ नोको म्हनून. एक ओळबी नोयती झाली तवाच गेली. कुत्रं शिरीन म्हनून कडी लावून गेली."

आम्ही तिघं अंगणातून फिरून पलीकडे गेलो. कडी बाहेरून लावलेलीच होती. आत सासूबाईंशिवाय कोणी नव्हतं. तीनही ओळींत दोरी पट्टीवरून घट्ट घेतलेली. आणि दाभण सासूबाईंच्या उजव्या मुठीत. गेलेल्या हाताच्या.

काशीनं एकेक बोट उघडलं. बोटांत जोर नव्हता, नेहमीसारखीच लुळी. सासूबाईंनी डोळे मिटले होते.

संध्याकाळी सगळे जमले. गणपतनं दोनदा सांगितलं, तरी भासरे म्हणाले, "ऊन लागलं तुले." तेव्हा मी पदर सावरला आणि त्यांच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

"आईची खाट माझ्याकडे राहील. त्यांनी दोरी धरली. त्यांना पलीकडे राहायचं नाही."

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "नेऊ द्या तिले, शांतेलेच सवय हाये." त्याच रात्री खाट आमच्या बाजूला आली. सकाळी गणपतनं चौथी ओळ काशीला पलीकडे बसवून पुरी केली.

पुढे डॉक्टरांनी त्या हाताला सुई टोचून पाहिली. बोट हललं नाही. आणि हात चालता, तरी पहिली ओळ माझ्या डोक्याच्या वर होती. खाटेवरून पोचणार कोण?

सासूबाई दिवाळीपर्यंत जगल्या. मी काही कमी केलं नाही. पण रात्री त्यांचं तोंड माझ्याकडे करून निजवलं, की सकाळी ते कुडाकडे वळलेलं असायचं. कूस बदलायची ताकद त्यांच्यात नव्हती.

लोक म्हणतात, शांतेनं सासूचं मन ओळखलं. मीही बरेच दिवस तेच धरून होते. पण दाभण एकदाच अडलं. त्याआधी तीन ओळी, भराभर, कुठे ढिली नाही... पलीकडे जे कोणी होतं, ते कूड थांबवत नव्हतं, बांधूनच घेत होतं. मग मी त्यांना आणलं, ते त्यांच्या मनासारखं की माझ्या? आणि बांधणारं कोण होतं? आज आठ वर्षं झाली. मला यातलं एकही उमगलेलं नाही.