ड्वार्फ म्हणून आणलेलं पिल्लू

"मॅडम, फक्त ब्रीड सांगा. मग आम्ही घेऊन जातो," संदीप भोईर म्हणाले.

टेबलावर बुटांचं खोकं होतं. खोक्यात टॉवेल आणि टॉवेलात मुठीएवढं तपकिरी पिल्लू. ते आणलं होतं स्नेहलने. ती पालेगावातल्या एका नव्या टॉवरमध्ये राहते. नोकरी सांभाळून जखमी कुत्री-मांजरं उचलते, बरी करते, त्यांना घर शोधून देते. अंबरनाथ पूर्वेला माझं जनावरांचं छोटं क्लिनिक आहे. कोणाला प्राणी देण्याआधी ती तो मला दाखवते, असा तिचा नियम.

भोईर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. फर्स्ट शिफ्ट संपवून ते मुलीला घेऊन आले होते. ओवी आठ वर्षांची. तिची आई मागच्या वर्षी आजारपणात गेली, हे स्नेहलने मला फोनवर आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून मुलगी विचारलं तेवढंच बोलायची. ससा हवा, हे मात्र तिने स्वतःहून मागितलं होतं.

भोईरांचा प्रश्न योग्य होता. ब्रीड म्हणजे जात कळली की ससा किती मोठा होणार, त्याला उकाडा सोसेल का, केस किती विंचरावे लागतील, हे सगळं कळतं. लांब केसांचा अंगोरा आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली टिकत नाही. मांसासाठी वाढवतात ती पांढरी जात चार-पाच किलोची होते. भोईरांचं घर म्हणजे एक खोली आणि किचन.

"मी उल्हासनगरच्या एका पेट शॉपमध्ये फोटो पाठवला होता," स्नेहल म्हणाली. "ते म्हणाले, ड्वार्फ है, इतना ही रहेगा."

आमच्या भागात प्रत्येक लहान ससा ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जातीचा, म्हणूनच विकतात. सहा महिन्यांनी तोच ससा दोन किलोचा होऊन माझ्या टेबलावर येतो. म्हणून मी मनातल्या मनात हसले आणि पिल्लू हातात घेतलं.

मग हसू गेलं. मागचे पाय अंगाच्या मानाने फारच लांब होते. शेपटी वरून काळी. मानेमागे काळसर ठिपका. पोटाशी नाळेचा वाळलेला तुकडा अजून चिकटलेला होता. म्हणजे वय अगदी थोड्या दिवसांचं. पाळीव सशाचं पिल्लू या वयात उघडं असतं, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. या पिल्लाच्या अंगावर दाट केस होते आणि ते टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं.

"स्नेहल, हे कुठे मिळालं?"

"आमच्या टॉवरसमोरच्या प्लॉटवर. परवा दुपारी. गवतात एकटंच बसलं होतं. कुत्री फिरत होती, म्हणून उचललं."

"हा पाळीव ससा नाही. रानससा आहे."

"म्हणजे जंगली ब्रीड?" भोईरांनी विचारलं.

"ब्रीड नाही. प्राणीच वेगळा. मराठीत आपण दोघांनाही ससा म्हणतो, म्हणून घोळ होतो. हा घरात ठेवता येत नाही. कायदाही परवानगी देत नाही. आणि ठेवला तरी जगत नाही, माणसाचा हात लागला की घाबरूनच खचतो."

भोईरांनी मुलीकडे पाहिलं. ओवी रडली नाही. ती खोक्याच्या कडेला बोट लावून उभी होती.

पिल्लाचं पोट मला ताठ लागलं. "काय पाजलंस?"

"गायीचं दूध. ड्रॉपरने," स्नेहल म्हणाली. "पीत होतं थोडं थोडं."

गायीचं दूध या पिल्लांना पचत नाही. मी ते तेव्हा बोलले नाही.

ओवीने विचारलं, "त्याची आई त्याला टाकून गेली?"

उत्तर मला माहीत होतं. अडचण एवढीच होती, की ते ओवीने ऐकायला हवं होतं आणि स्नेहलने ऐकू नये असं मला वाटत होतं. दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "रानसशाची आई पिल्लाला कधीच टाकत नाही. ती दिवसभर मुद्दाम लांब राहते. ती जवळ बसली तर तिच्या वासावर कुत्री येतील. पिल्लू गवतात गप्प बसून राहतं. काळोख पडला की आई येते, दूध पाजते आणि परत जाते."

ओवीने मान हलवली. तिचा चेहरा जरा सैल झाला.

स्नेहल म्हणाली, "मी बराच वेळ थांबले होते मॅडम. कोणी आलं नाही, म्हणून..."

"तू दुपारी थांबली होतीस."

ती खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी घेऊन आले, त्यानंतर ती आली असेल."



मी वनखात्याच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "जागेवर ठेवून बघा आज. आई आली तर उत्तम. नाहीतर सकाळी मी येऊन घेऊन जातो." पोटाला आराम पडेल असं औषध देऊन आम्ही निघालो. मी आणि स्नेहल माझ्या स्कूटरवर, मागून रिक्षात भोईर आणि ओवी. त्यांनी यायची गरज नव्हती. पण ओवीने बाबांचा शर्ट धरला होता.

प्लॉटवर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. गवत नव्हतं. पोकलेन फिरवून जमीन सपाट केली होती आणि त्यावर मुरूम पसरला होता. स्नेहल इकडून तिकडे चालत राहिली. "इथेच होतं. त्या खांबाच्या सरळ रेषेत," असं ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी म्हणाली.

नाल्याच्या कडेला गवताची एक पट्टी उरली होती. तिथे मी पिल्लू ठेवलं. आम्ही लांब जाऊन रिक्षात बसलो. अंधार झाला. भोईरांनी ओवीला मांडीवर घेतलं. ती रिक्षाच्या पुढच्या काचेतून त्या पट्टीकडे बघत होती. थोड्या वेळाने कुत्री आली आणि नाल्याकडे वळली, तेव्हा मीच उतरून पिल्लू परत आणलं. ते थंड पडत चाललं होतं.

घरी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवली. वनखात्याचा माणूस सकाळी आला, त्याच्या थोडं आधी ते गेलं. त्याने पंचनामा केला आणि खोकं घेऊन गेला. रानातल्या जनावराचं शवही सरकारी असतं.

मी भोईरांना फोन केला. ते कंपनीच्या गेटवर होते, मागे सायरन वाजत होता.

"काय सांगू ओवीला?" त्यांनी विचारलं.

"मला नाही सांगता येणार, भोईर. तुम्ही बाप आहात."

त्यांनी खरं ते सांगितलं. ओवीने त्यांना एकच विचारलं, काल तिथे त्याची आई आली होती का. ते म्हणाले, अंधार होता, मला दिसलं नाही. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, पाळीव सशाची चौकशी करायला पुन्हा आले तेव्हा. ओवी बरोबर नव्हती. तिला आता ससा नको होता. तरी त्यांनी माहिती विचारून घेतली, पुढेमागे मागितला तर म्हणून.

स्नेहल बरेच महिने क्लिनिकला आली नाही. मी फोन केला तर म्हणायची, ऑफिसमध्ये काम आहे. तिची चूक होती असं मला कधीच वाटलं नाही. कुत्री फिरत असताना गवतातलं पिल्लू उचलायचं नाही, हे कोणी तिला शिकवलं होतं? पण हे तिला सांगून उपयोग झाला नाही.

या धंद्यातला माझा सल्ला छोटा आहे. गवतात डोळे उघडे असलेलं, अंगभर केसांचं सशाचं पिल्लू एकटं दिसलं, तर ते अनाथ नसतं. हात लावू नका. कुत्री हाकला आणि निघून जा. जात विचारायला माझ्याकडे आणू नका.

हेच पुढे स्नेहलने मराठी आणि हिंदीत लिहून त्या प्लॉटच्या कुंपणाला बोर्ड लावला. तो अजून आहे. त्याच्या मागे आता पार्किंग झालंय.