उजव्या बाजूचं झाकण

पापडी गावच्या नरहरीने आयुष्यात एकदाच चोरी केली. तीही स्वतःच्या घरात, भर दुपारी, शेजारीपाजारी बघत असताना. आणि आपण चोरी करतोय हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं! अडुसष्ट सालची गोष्ट. थोरला भाऊ मधू कुवेतला एका कंपनीत लागला होता आणि वाडी सगळी नरहरीच्या अंगावर पडली होती. केळी, पानवेली, मोगऱ्याच्या चार रांगा. विहिरीवर नवी मोटर बसवली, पण पाइप आखूड पडला. नेमका तेव्हाच दारावर भंगारवाला आला. त्याच्या हातगाडीवर चांगले जाड लोखंडी पाइप होते. बदल्यात काय देतोस, म्हणाला. नरहरीने इकडेतिकडे पाहिलं, आणि बैलगाडीच्या पडवीत गोणपाटाखाली पडून असलेली मधूची मोटारसायकल त्याच्या डोळ्यांत भरली.

आता तुम्हीच सांगा, त्या गाडीला गाडी कोण म्हणणार होतं? पुढे दिवा नाही. हॉर्न नाही. उभी करायला स्टँड नाही, म्हणून भिंतीला टेकवून ठेवायची. किक मारावी म्हटलं तर किकच नाही! नरहरीला वाटलं, सामान कुणीतरी काढून नेलंय आणि सांगाडा तेवढा दादाने आठवण म्हणून ठेवलाय. मधू मुंबईला गॅरेजात फिटर होता, तिथला गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती त्याला देऊन गेला, एवढंच घरात माहीत. जुहूच्या विमानतळावर शर्यती होत आणि मधू हीच गाडी घेऊन त्यांत उतरत असे, हे त्याने घरी कधी कळूच दिलं नाही. आई जिवंत होती तेव्हा. तिने ऐकलं असतं तर अन्नपाणी सोडलं असतं.

भंगारवाल्याने गाडी हातगाडीवर घातली, पाइप उतरवले आणि गेला.

सत्तरच्या मे महिन्यात मधू परत आला. बॅग ओटीवर ठेवली, पाय धुतले, आणि चहासुद्धा न घेता आधी पडवीत गेला. नरहरी त्याच्या मागोमाग.

"गाडी?" मधूने विचारलं.

"ते लोखंड होय, दादा? दिलं भंगारात," नरहरी हसत म्हणाला. "पण पाइप बघ कसले पक्के मिळाले!"

मधू भिंतीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बरं." आणि ओटीवर येऊन चहा प्यायला. त्यानंतर त्याने गाडीचं नाव काढलं नाही. लग्न केलं नाही, परत गॅरेजात गेला नाही, भावाबरोबर वाडीत राबत राहिला.

आणखी चार वर्षांनी नरहरीला कळलं, आपण काय विकलं ते. फवारणीचा पंप बिघडला म्हणून तो क्लेमेंटच्या गॅरेजात गेला होता. क्लेमेंट पापडीचाच, देवळाच्या मागच्या आळीतला, मधूचा जुना दोस्त. भिंतीवर एक फोटो होता. त्यात मधू गाडीवर पार आडवा झालेला, हनुवटी टाकीला टेकलेली, आणि तोंडभर हसू. असं हसताना नरहरीने भावाला कधी पाहिलं नव्हतं.

"हा आपला दादा?"

"मग कोण? जुहूला, बासष्ट साली. पहिला आलेला!" क्लेमेंट म्हणाला. "नॉर्टन मँक्स म्हणतात हिला. खास शर्यतीची. अशा आपल्याकडे बोटावर मोजण्याइतक्या आल्या असतील. कुठाय रे ती? मधूला विचारलं की विषय बदलतो."

"पण हिला दिवाच नाही," नरहरी कसाबसा म्हणाला.

"शर्यतीच्या गाडीला दिवा कशाला? वजन वाढतं ना."

नरहरी तेलाच्या डब्यावर खाली बसला. पाइपांची हकिगत त्याने सांगितली तेव्हा क्लेमेंटने हातातला पाना खाली ठेवला आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

घरी येऊन नरहरी तडक वाडीत गेला. मधू केळीच्या घडाला टेकू देत होता. "दादा, मला माहीत नव्हतं रे. आईशपथ माहीत नव्हतं."

"असू दे. जुनं झालं ते."

"अरे, चार शिव्या तरी घाल मला!"

"कशाला? तू काय मुद्दाम केलंस?" मधू म्हणाला आणि दुसऱ्या घडाकडे वळला.

त्या दिवशी नरहरीला घास गिळवला नाही. भावाने खाडकन थोबाडीत दिली असती तर तो पोटभर जेवला असता. पण मधूचा स्वभावच तसा. त्याचा राग बाहेर यायचा नाही, आणि आत कुठे जायचा ते देवाला ठाऊक. मग नरहरीने मनाशी ठरवलं, की दादाची गाडी परत उभी करायची. दादाच्या हातात द्यायची. तेव्हा तरी तो काहीतरी बोलेल, आणि आपल्या छातीवरचा धोंडा उतरेल.

"वेड लागलंय तुला," क्लेमेंट म्हणाला. "ती काही परत यायची नाही. फार तर नक्कल होईल. आणि नक्कलसुद्धा ओरिजनल सामान मिळालं तर."

"मग ओरिजनल शोधू," नरहरी म्हणाला. पाना कसा धरतात हे ज्याला येत नाही तो माणूस हे बोलत होता, बघा!

पुढली नऊ वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. आधी जुना भंगारवाला शोधला, तर तो वारलेला, आणि गाडी केव्हाच भट्टीत वितळलेली. मग चोरबाजार. तिथे काहीही उचला, दुकानदार म्हणणार, "एकदम ओरिजनल, शेठ!" घासूनपुसून बुलेटचं सामान दोनदा त्याच्या गळ्यात मारलं. मग क्लेमेंटने त्याला शिकवलं, की खऱ्या भागावर ओततानाच आकडा उठवलेला असतो, तो आधी बघायचा. नरहरीने ते सगळे आकडे कालनिर्णयाच्या मागे लिहून काढले आणि पाठ केले. शाळेत पाढे पाठ झाले नव्हते, पण हे झाले. नाशिकला साध्या नॉर्टनचा सांगाडा मिळाला. टाकी कोल्हापुरात एका पैलवानाकडे निघाली, त्याने तिच्यात तूप भरून ठेवलं होतं. क्लेमेंटची बहीण विलायतेत नर्स होती, तिने नाताळला येताना ठिणगी पाडणारा मॅग्नेटो स्वेटरांत गुंडाळून आणला. इंजिन मद्रासला एका म्हाताऱ्या बाईच्या कोठीत सापडलं. ते आणायला नरहरी गेला आणि त्याच आठवड्यात वाडीतल्या पानवेलींवर रोग पडला. त्याची बायको द्वारका एकटीच पानं खुडत बसली.

द्वारकेने गाडीला नाव ठेवलं होतं सवत. "जा, सवत वाट बघतेय," म्हणायची. "माझ्या आजारपणात तुम्हाला विरारपर्यंत जायला फुरसत नव्हती, आणि तिच्यासाठी मद्रास!" तिचं काय चुकलं? गाडी जुळत होती त्या पडवीत तिने नऊ वर्षं पाऊल टाकलं नाही. मधूही तिकडे फिरकत नसे. त्याला सगळं दिसत होतं, वास येत होता, आवाज येत होते. पण विचारलं मात्र कधीच नाही.

मद्रासच्या इंजिनाला एकच खोट होती. उजव्या बाजूचं झाकण नव्हतं. आतली दातेरी चाकं झाकणारं, मॅग्नेशियमचं, राखाडी रंगाचं, हातात घेतलं तर वजन लागणार नाही असं. त्याच्यावाचून इंजिन चालू करता येईना. "अ‍ॅल्युमिनियमचं ओतून घेऊ," क्लेमेंट म्हणाला. "कोण बघतंय?" नरहरी ऐकेना. दादाने नुसता हात लावला तरी त्याला कळेल, म्हणाला. या एका हट्टापायी दोन वर्षं गेली.

आणि त्याच दोन वर्षांत मधूची छाती गेली. कुवेतच्या धुळीने म्हणा, नाहीतर नशिबाने म्हणा, फुप्फुसं निकामी होत चालली. चार पावलं टाकली की धाप लागायची. त्र्याऐंशीच्या भाद्रपदात डॉक्टरांनी नरहरीला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळी निघणं कठीण आहे.

त्याच दिवसांत गोव्याहून पत्र आलं. म्हापशाला एका म्हाताऱ्याकडे तसलं झाकण आहे, पण तो ते अ‍ॅशट्रे म्हणून वापरतो आणि कुणाला देत नाही. नरहरी गेला. म्हाताऱ्याने आधी नाहीच म्हटलं. मग नरहरीने स्वतःचं पाप त्याच्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, दादाच्या छातीसकट. म्हातारा उठला, झाकणातली राख झटकली आणि ते त्याच्या हातात दिलं. येताना सबंध रात्रभर बसमध्ये नरहरीने ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

बेत ठरला. दसऱ्याच्या सकाळी गाडी चालू करायची. मधूला खुर्चीत बसवून अंगणात आणायचं आणि म्हणायचं, दादा, ही घे तुझी. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, नरहरी सकाळीच मुंबईला गेला. या इंजिनाला एरंडीचं खास तेल लागतं, ते आणायला.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. द्वारकेने कोयता, विळे, कुदळ सगळं घासलं, देवाची तांब्यापितळेची भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत केली. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे! आत मधू खोकत होता. ती नऊ वर्षांत पहिल्यांदा पडवीत गेली. गाडीवरची धूळ पुसली, टाकीला हळदकुंकू लावलं. फळीवर ते झाकण दिसलं, मळकट, सिगारेटींच्या डागांनी काळवंडलेलं. अरे, उद्या भावोजींच्या पुढे हे असलं ठेवणार? तिने तांब्याच्या घंगाळात चिंचेचा कोळ कालवला, वर मूठभर मीठ टाकलं आणि झाकण त्यात भिजत घातलं. भराभर फेस यायला लागला. तिला वाटलं, मळ सुटतोय. म्हणून तिने आणखी चिंच घातली.

संध्याकाळी नरहरी तेलाचा डबा घेऊन आला तेव्हा ती घंगाळापाशी उभी होती. हातात झाकण. पितळ चिंचेने उजळतं, पण मॅग्नेशियमला चिंच खाऊन टाकते. कडा झिजून गेल्या होत्या, अंगभर खड्डे पडले होते, आणि मधोमध बोट जाईल एवढं भोक.

"अहो, हे असं कसं झालं?" ती म्हणाली. "भांडी तर छान निघाली. मला वाटलं, उद्या भावोजींना..."

नरहरीने झाकण हातात घेतलं, उलटसुलट केलं. मग म्हणाला, "बरं."

तो शब्द तोंडातून गेला आणि द्वारकेचा चेहरा पांढराफटक पडला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आता हा काय बोलेल म्हणून. नरहरीने ते तोंड ओळखलं. नऊ वर्षं तो स्वतः तसंच तोंड करून दादाकडे बघत आला होता.

आणि तो ओरडला. "अगं, अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? दोन वर्षं शोधलं मी ते! दोन वर्षं! म्हाताऱ्याच्या पाया पडून आणलं! विचारायला तोंड नव्हतं तुला?"

"मला काय स्वप्न पडलं होतं?" द्वारका रडत रडत ओरडली. "नऊ वर्षांत कधी दोन शब्द सांगितलेत मला त्या सवतीबद्दल? कधी म्हणालात, ये, बघ, हे अमुक आहे, हे तमुक आहे?"

कुंपणापाशी माणसं गोळा झाली. दोघं ओरडत राहिली, मनात साठलं होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं, आणि शेवटी आवाज बसले. द्वारका पायरीवर बसून हमसून हमसून रडली. नरहरी तिच्या शेजारी बसला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. नवं झाकण ओतून घ्यायला दोन महिने तरी लागणार होते. तेवढे दिवस कुणाकडे नव्हते.

आतून मधूने हाक मारली. नरहरी जाऊन खाटेपाशी बसला.

"झाकण गेलं?" मधूने विचारलं.

"गेलं, दादा. उद्या गाडी नाही व्हायची."

"ऐकलं मी सगळं," मधू धापा टाकत म्हणाला. "नऱ्या, मी तेव्हा तुझ्यावर असंच ओरडायला हवं होतं. इतका राग आला होता रे, की वाटलं, तोंड उघडलं तर भलतंच निघेल. म्हणून गप्प बसलो. मग गप्पच राहिलो. गाडी काय, लोखंडच. पण तू नऊ वर्षं त्या पडवीत घातलीस, ती माझ्यापायी."

"मग आता ओरड ना," नरहरी म्हणाला. "ओरड की, दादा. मी बसलोय इथे."

मधूने तोंड उघडलं. छाती वर आली, पण ओरडायला पुरेल एवढा श्वास तिच्यात उरला नव्हता. खोकल्याची उबळ आली. नरहरीने पाठ चोळली, पाणी पाजलं. मग मधूने हात पुढे करून त्याची मान पकडली आणि त्याचा कान आपल्या तोंडाशी ओढला.

"गाढवा," तो म्हणाला, अगदी बारीक आवाजात. "माझी गाडी होती ती. मला न विचारता दिलीस."

"हो, दादा."

"लाज नाही वाटली तुला?"

"वाटते रे, दादा. अजून वाटते." नरहरी लहान मुलासारखा रडत होता.

"चालता हो इथून," मधू म्हणाला. पण मान काही त्याने सोडली नाही.